पाच टक्के कुणाचे?

गेल्या जूनमध्ये आमच्या मैदानावरच्या एका मुलाची पुण्यातल्या निवासी अकादमीत निवड झाली. वय तेरा. खेळायचा उजव्या कडेनं, पण मारायचा डाव्या पायानं, त्यामुळे बचावपटूला कायम चकवायचा. वडिलांनी पेढे वाटले. मग अकादमीनं मागितलेल्या कागदांच्या यादीत एक कागद निघाला : आधीच्या मंडळाचं ना हरकत प्रमाणपत्र. हा मुलगा ज्या मंडळाकडून स्पर्धा खेळला होता, त्याच्या पदाधिकाऱ्यांनी सांगितलं, तीन वर्षांचे बूट, दोन किट, स्पर्धांची प्रवेश फी आणि गाडीभाडं मिळून अठरा हजार रुपये होतात. ते भरा आणि कागद घेऊन जा.

वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हमाली करतात. हळदीची पोती उचलून झाल्यावर पिवळ्या हातांनी ते मिरजेला मैदानावर आले आणि मला म्हणाले, "सर, ह्यात पोराचं काय चुकलं?"

पोराचं काहीच चुकलं नव्हतं. मी मंडळात गेलो, वाद घातला, पुन्हा गेलो. अकराव्या दिवशी कागद मिळाला, एक रुपयाही न भरता. पण तो कागद देताना त्या पदाधिकाऱ्यानं मला जे विचारलं ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही. "आमचं तरी काय चुकलं सांगा की सर. उद्या पोरगं मोठं झालं तर नाव पुण्याचं हुणार. तीन वर्षं पावसात चिखल तुडवला आम्ही. आम्हाला काय?"

त्याची पद्धत चुकीचीच होती. मुलाचा कागद अडवून पैसे मागणं ही अडवणूक आहे, आणि ती कुठल्याही कारणानं समर्थनीय नाही. पण त्याचा प्रश्न खरा होता. खेळाडू घडवणाऱ्या पहिल्या जागेला काय मिळतं? माझं म्हणणं असं की कागद अडवण्याची मुभा मंडळांकडून पूर्ण काढून घेतली पाहिजे, आणि त्याच वेळी घडवणुकीचा हिस्सा त्यांना हक्कानं मिळाला पाहिजे. यातली एकच गोष्ट केली तर ती टिकणार नाही. हिस्सा मिळत नाही म्हणून कागद अडवला जातो, आणि कागद अडवणाऱ्याला हिस्सा द्यावा असं कुणाला वाटत नाही. हे चक्र कुठून तरी तोडावं लागेल.

मी दिवसा हिशेब लिहिण्याचं काम करतो आणि संध्याकाळी मुलांना फुटबॉल शिकवतो. म्हणून हा प्रश्न मी एका खेळाडूच्या हिशेबातून मांडतो. आमची मुलं ज्याच्या चित्रफिती मोबाइलवर परत परत बघतात, तो रियाद महरेझ.

महरेझ १९९१ साली पॅरिसच्या उत्तरेला सार्सेल या उपनगरात जन्मला. वडील अल्जीरियातून आलेले. मुलगा इतका काटकुळा की याच्या अंगात व्यावसायिक फुटबॉल पेलण्याइतकी ताकद कधी येईल का, अशी शंका सगळे घ्यायचे. तेरा वर्षांचा असताना तो तिथल्या एएएस सार्सेल या वस्तीतल्या क्लबात दाखल झाला. पंधरा वर्षांचा असताना वडील हृदयविकारानं गेले. पुढची तीन-चार वर्षं तो त्याच क्लबात खेळत राहिला. आपल्याकडचं एखादं मंडळ जसं असतं तसाच हा क्लब : पोरांना खेळवणारा, मोठ्या पैशाशी संबंध नसलेला.

२००९ साली तो ब्रिटनी प्रांतातल्या कँपेरला गेला. चौथ्या श्रेणीतला संघ. पुढच्याच वर्षी ल आव्र. हा फ्रान्सच्या जुन्यातला जुना क्लब, तरुण खेळाडू घडवण्यासाठी नावाजलेला. तिथंही पहिल्या संघात तो लगेच आला नाही, आधी राखीव संघात खेळला. मग जानेवारी २०१४. इंग्लंडमधल्या लेस्टरनं त्याला सुमारे साडेचार लाख पौंडांना घेतलं. लेस्टर तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होतं.

पुढची गोष्ट फुटबॉलवेड्या प्रत्येकाला पाठ आहे. २०१५-१६च्या हंगामात लेस्टरनं प्रीमियर लीग जिंकली. आदल्या वर्षी जो संघ खालच्या श्रेणीत घसरता घसरता वाचला होता, तो इंग्लंडचा विजेता झाला. महरेझचे त्या हंगामात सतरा गोल. इंग्लंडमधल्या व्यावसायिक खेळाडूंनी स्वतःच्या मतांनी त्याला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू निवडलं. तो मान मिळवणारा तो पहिला आफ्रिकी. २०१८ साली मँचेस्टर सिटीनं त्याच्यासाठी सहा कोटी पौंड मोजले. सिटीकडे त्यानं चार वेळा लीग जिंकली आणि २०२३ साली युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीगही. मधल्या काळात, २०१९ साली, अल्जीरियाचा कर्णधार म्हणून आफ्रिकेचा चषक उचलला. उपांत्य सामन्यात नायजेरियाविरुद्ध शेवटच्या क्षणी मारलेली त्याची फ्री किक मी मुलांना किती वेळा दाखवली असेल याची गणती नाही. आणि २०२३च्या जुलैत, बत्तिसाव्या वर्षी, तो सौदी अरेबियातल्या अल अहलीकडे गेला. किंमत सुमारे तीन कोटी पौंड अशी बातमी होती.

सार्सेल, कँपेर, ल आव्र, लेस्टर, मँचेस्टर, जेद्दा. सहा मुक्काम. विंगरचं, म्हणजे कडेनं खेळणाऱ्याचं, आयुष्य असंच असतं. त्याचं भांडवल म्हणजे वेग आणि पहिला स्पर्श. संघाची मधली फळी प्रशिक्षक वर्षानुवर्षं जपतो, पण कडेचा माणूस संघाला नवी चाल हवी की आधी बदलला जातो. सामन्यातही सत्तराव्या मिनिटाला खेळाडू बदलायची पाटी वर झाली की त्यावर अनेकदा विंगरचाच नंबर असतो. त्यामुळे या जागेवरचे खेळाडू बचावपटूंपेक्षा जास्त फिरतात असं माझं निरीक्षण आहे. आणि खेळाडू जितका फिरतो तितका पैसा हलतो.

आता त्या हलणाऱ्या पैशाकडे बघू.

फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेच्या, नियमात एक तरतूद २००१ सालापासून आहे. करार चालू असताना खेळाडू एका देशातल्या क्लबातून दुसऱ्या देशातल्या क्लबात विकला गेला, तर त्या किमतीतले पाच टक्के बाजूला काढायचे आणि त्याला बाराव्या वर्षापासून तेविसाव्या वर्षापर्यंत ज्या ज्या क्लबांनी घडवलं त्यांच्यात वाटायचे. वाटणीही ठरलेली आहे. बारा ते पंधरा या वयातल्या प्रत्येक हंगामाला पाव टक्का, सोळा ते तेवीस या वयातल्या प्रत्येक हंगामाला अर्धा टक्का. चार पाव म्हणजे एक, आठ अर्धे म्हणजे चार, एकूण पाच. खेळाडू तिशी ओलांडून गेला तरी ही वाटणी लागू असते. एखादा क्लब दरम्यान बंद पडला असेल तर त्याचा वाटा त्या देशाच्या संघटनेकडे जातो, आणि तो मुलांच्या फुटबॉलवरच खर्च करायचा असतो. याला 'सॉलिडॅरिटी' म्हणतात. आपल्या भाषेत मी त्याला घडवणुकीचा हिस्सा म्हणतो. याशिवाय पहिल्या व्यावसायिक कराराच्या वेळी आणि तेवीस वर्षांपर्यंतच्या बदल्यांना वेगळी प्रशिक्षण-भरपाईही असते.

हा नियम मला मनापासून आवडतो. त्यात मुलाला कुणी अडवत नाही. मुलगा जातो, मोठा होतो, आणि तो पुढे गेला म्हणूनच मागच्या मैदानाला काही मिळतं.

पण महरेझच्या हिशेबात एक भोक आहे, आणि ते आपण नीट बघितलं पाहिजे. २०१४ साली ल आव्रहून लेस्टरला जाताना किंमत होती साडेचार लाख पौंड. देश बदलला, नियम लागू. पाच टक्के म्हणजे साडेबावीस हजार पौंड, आणि तेही सगळ्या क्लबांत मिळून. २०१८ साली किंमत झाली सहा कोटी पौंड. त्याचे पाच टक्के म्हणजे तीस लाख पौंड. तेव्हाच्या दरानं सत्तावीस कोटी रुपयांच्या आसपास. पण लेस्टर आणि मँचेस्टर दोन्ही इंग्लंडमध्ये. बदली देशांतर्गत. त्या वेळचा फिफाचा नियम फक्त देश ओलांडणाऱ्या बदल्यांना लागू होता, म्हणून फ्रान्समधल्या त्या क्लबांना या नियमाखाली त्यातला एक पौंडही देणं लागत नव्हतं. पोरगं स्वस्त होतं तेव्हा हिस्सा निघाला, आणि सोन्याचं झालं तेव्हा निघाला नाही.

हे भोक जुलै २०२०पासून बुजवलं गेलं. आता बदली एकाच देशातल्या दोन क्लबांत झाली तरी, घडवणारा क्लब दुसऱ्या देशातला असेल तर त्याला हिस्सा द्यावा लागतो. आणखी एक भोक होतं : हिस्सा मागायचा कुणी? पूर्वी छोट्या क्लबानं स्वतः पाळत ठेवायची, खेळाडू कुठं विकला गेला ते शोधायचं, कागद जमवायचे, मागणी करायची, तीही दोन वर्षांच्या आत. वस्तीतल्या क्लबाकडे वकील कुठून असणार? २०२२च्या नोव्हेंबरपासून फिफानं पॅरिसमध्ये क्लिअरिंग हाऊस, म्हणजे हा हिस्सा गोळा करून वाटणारी संस्था, सुरू केली. खेळाडूचा नोंदणीचा इतिहास एका इलेक्ट्रॉनिक पासपोर्टमध्ये जमा होतो आणि वाटणी त्यावरून होते. म्हणजे २०२३ साली महरेझ सौदीला गेला तेव्हा ही व्यवस्था हजर होती.

या दोन दुरुस्त्यांतून मला एक गोष्ट ठामपणे दिसते. छोट्या क्लबाचा हिस्सा मोठ्यांच्या चांगुलपणातून येत नाही. तो नियमातून येतो, आणि नियमही कुणीतरी सतत ओरडत राहिल्याशिवाय नीट होत नाही.

इथं ज्याँ-मार्क बोसमनचं नाव घेतलंच पाहिजे, कारण घडवणुकीचा हिस्सा मागणाऱ्या माणसानं आधी या प्रकरणाचा धडा गिरवायला हवा. बेल्जियमच्या लिएज क्लबातला हा खेळाडू. १९९० साली त्याचा करार संपला. त्याला फ्रान्सच्या डंकर्कला जायचं होतं. करार संपलेला असूनही क्लबानं त्याच्यासाठी पैसे मागितले आणि त्याला सोडलं नाही. तो न्यायालयात गेला. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयानं निकाल दिला की करार संपलेल्या खेळाडूला असं अडवता येणार नाही. फुटबॉलचा इतिहास त्या दिवशी बदलला. पण बोसमनची स्वतःची कारकीर्द त्या पाच वर्षांत संपून गेली होती. आपल्या मंडळांनी ना हरकत प्रमाणपत्रावर अठरा हजार लिहिण्यापूर्वी या माणसाचं आयुष्य आठवावं. तेरा वर्षांच्या पोराची दोन महिने अडवणूक म्हणजे त्याचं एक अख्खं वर्ष गेलं. अकादमीची यादी त्याच्यासाठी थांबत नाही.

आता आपल्याकडे येतो.

सांगली-मिरजेतल्या मुलाला व्यावसायिक फुटबॉल खेळायचं असेल तर वाट कुठून जाते? कोल्हापूर जेमतेम पन्नास किलोमीटरवर. तिथं पेठापेठांतल्या तालमी फुटबॉल खेळतात. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस. शाहू स्टेडियमवर सामना असला की शहर दोन बाजूंना वाटलं जातं. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉल असा उराशी धरलेला दुसरीकडे मला माहीत नाही. पण ते पोटापाण्याचं फुटबॉल होत नाही. त्यासाठी पुणं, मुंबई, मग देशभर.

पुण्याचं काय झालं ते पाहा. पुणे एफसी २००७ साली उभा राहिला, आय-लीग या देशपातळीवरच्या स्पर्धेत नाव केलं, २०१५ला मोठा संघ बंद. भारत एफसी एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजीयन्स दोन हंगाम आय-लीगमध्ये दिसला आणि गेला. एफसी पुणे सिटी २०१९ला संपला. त्याच्या जागी हैदराबाद एफसी आला. पाच वर्षांत चार दारं बंद. आणि हैदराबाद एफसीही २०२५ साली दिल्लीला हलला, नावही बदलून. आमच्या भागातल्या पोरांना राज्यातलं मोठं दार म्हणून आता मुंबईच उरली आहे.

कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचा प्रवास याच काळातला. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला, २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. त्यानंतर इंडियन ॲरोज, जमशेदपूर, हैदराबाद. २०२२ साली हैदराबादनं आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, जिंकली तेव्हा तो त्या संघात होता. त्यातला इंडियन ॲरोज त्याच वर्षी गुंडाळला गेला. भारतात विंगरनं क्लब बदलायचे म्हणजे कधी कधी मागचा क्लबच नाहीसा झालेला असतो. २०२५च्या जुलैत तर आयएसएलचा पुढचा हंगामच थांबवून ठेवला गेला, आणि देशभरातले खेळाडू आपला पगार चालू राहील की नाही या चिंतेत महिनोन्महिने बसले. अशा ठिकाणी खेळाडूकडून कुणी काही वसूल करावं हे शब्दसुद्धा तोंडातून निघू नयेत.

म्हणूनच फिफाचा पाच टक्क्यांचा नियम जसाच्या तसा इथं आणून आपलं भागणार नाही. कारण साधं आहे. आपल्याकडे बरेचसे खेळाडू करार संपल्यावर क्लब बदलतात, त्या वेळी विक्रीची किंमतच नसते. शून्याचे पाच टक्के शून्य. इथं हिस्सा पहिल्या व्यावसायिक कराराशी जोडावा लागेल. मुलगा ज्या दिवशी पगारी खेळाडू होईल त्या दिवशी, करार करणाऱ्या क्लबानं एक ठरलेली रक्कम घडवणाऱ्या जागांसाठी भरायची. ती खेळाडूच्या पगारातून कापायची नाही. देशांतर्गत घडवणाऱ्या क्लबांचा विचार राष्ट्रीय संघटनांनी आपल्या नियमांत करावा, असं फिफाच्याच नियमावलीत म्हटलेलं आहे. मागणीला आधार आहे. अडतं ते कागदावर.

आणि कागदाचा प्रश्न आमचा आहे, हे मला मान्य करावंच लागेल. फिफाचा पासपोर्ट नोंदणीवरून तयार होतो. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची ऑनलाइन नोंदणी व्यवस्था आहे. पण आमच्याकडच्या किती मंडळांनी दहा-बारा वर्षांच्या मुलांना त्यात नोंदवलं आहे? स्पर्धेच्या आदल्या रात्री आधार कार्डाची झेरॉक्स घ्यायची, प्रवेशिका भरायची, स्पर्धा संपली की ती फाइल कुणाच्या तरी माळ्यावर. मुलगा आमच्याकडे तीन वर्षं होता हे सिद्ध करणारा एकही कागद आमच्याकडे नसतो. ज्या पदाधिकाऱ्यानं अठरा हजारांची यादी तोंडपाठ सांगितली, त्याच्याकडे त्या मुलाच्या जन्मतारखेची नोंद नव्हती.

शाळांचं तर आणखी अवघड. आमच्या भागातली बहुतेक मुलं शाळेच्या मैदानावरच पहिल्यांदा खेळतात, शाळेकडून सुब्रतो चषकाच्या जिल्हा फेरीला जातात. पण फिफाच्या व्याख्येत हिस्सा मिळतो क्लबाला. शाळा त्यात सहसा बसत नाही. आणि शाळेत शिकवणार कोण? शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात उच्च प्राथमिक शाळेला शारीरिक शिक्षणासाठी माणूस सांगितला आहे तो अर्धवेळ, तोही पट शंभराच्या वर असेल तर. पट त्याहून कमी असलेल्या खेड्यातल्या शाळेतल्या मुलानं मैदानावर काय करायचं ते त्यानंच शोधायचं. जिथं एखादे गुरुजी स्वतःच्या खिशातून बॉल आणतात तिथं खेळाडू होतात. साताऱ्याकडे बघा, फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकपर्यंत तिरंदाजीत पोचला, त्याची पहिली पारख जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकानं केली होती. अशा शाळेला त्या मुलाच्या यशातून हक्कानं काही परत यावं अशी तरतूद आपण का करू शकत नाही?

हा प्रश्न फुटबॉलपुरता ठेवू नये असं मला वाटतं. १३ फेब्रुवारी २०२३ला महिला प्रीमियर लीगचा पहिला लिलाव झाला आणि त्यात पहिली बोली आमच्या स्मृती मानधनावर लागली, ३ कोटी ४० लाख. त्या संध्याकाळी सांगलीत जो आनंद होता तो मी पाहिला आहे. ती रक्कम तिची, तिच्या कष्टाची, त्यातला एक पैसाही कुणी मागू नये. पण ज्या संघानं ती बोली लावली त्यानं त्याच्या वर एक टक्का, म्हणजे ३ लाख ४० हजार रुपये, सांगलीतल्या मुलींच्या क्रिकेटसाठी वेगळे ठेवले असते तर संघाच्या तिजोरीला जाणवलंही नसतं, आणि इथं मॅटची विकेट, जाळ्या आणि वर्षभराचे बॉल झाले असते. कबड्डीच्या लिलावांतही तेच. आमच्या जिल्ह्यातल्या गावोगावच्या मातीतून चढाईपटू उठून जातात, आणि गावात मागे चुन्याच्या रेषा तेवढ्या राहतात.

या जिल्ह्यांना उगमाचं मोल कळत नाही असं मुळीच नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली मिळालं. मंगळवेढ्याकडचा भोपळा, मिरजेच्या कारागिराचा हात. तंबोरा देशात कुठल्याही गवयाच्या हाती गेला तरी तो मिरजेचा. हे कायद्यानं मान्य झालं, त्यासाठी इथल्या माणसांनी कागद केले, पुरावे जमवले, खेटे घातले. पिकासाठी आणि वाद्यासाठी जे जमलं ते मैदानासाठी जमवायला कुणी बसलेलं नाही.

आक्षेप येतील, आणि त्यातला एक मला खरंच छळतो. पोरांवर पैसा लागला की मैदानावर दलाल येतील. दहा वर्षांच्या मुलाकडे प्रशिक्षक पुढची रक्कम म्हणून बघेल. पालकांशी लेखी करार होतील, मुलांना बांधून ठेवलं जाईल. ही भीती खोटी नाही. जगात हे घडलेलं आहे. म्हणून माझ्या मते तीन गोष्टी नियमात पक्क्या हव्यात. अठरा वर्षांखालच्या मुलाचं ना हरकत प्रमाणपत्र ही भानगडच नको. मुलगा आणि पालक म्हणतील त्या दिवशी बदली. हिस्सा प्रशिक्षकाच्या खिशात जाता कामा नये, मंडळाच्या किंवा शाळेच्या खात्यातच जमा व्हावा. आणि त्याचा खर्च मैदान, साहित्य, मुलांचा प्रवास यावरच. आमची अनेक मंडळं धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहेत, त्यांना दरवर्षी हिशेब द्यावेच लागतात. त्यात हा एक रकाना वाढवायला नवीन खातं उघडावं लागणार नाही. मी हे काम रोज करतो, म्हणून खात्रीनं सांगतो.

दुसरा आक्षेप घेतला जातो तो सेवाभावाचा. आम्ही पैशासाठी शिकवत नाही, हिस्सा मागणं शोभत नाही, असं माझेच काही सोबती म्हणतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण सेवाभावाची किंमत शेवटी कुणीतरी मोजतच असतं. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले आणि स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक देऊन गेले. त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. परत आल्यावर कऱ्हाडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि त्यानंतर खाशाबांनी कुस्त्या लावून ते पैसे फेडले. ही गोष्ट आपण अभिमानानं सांगतो. मला ती ऐकताना दर वेळी राग येतो. घर गहाण पडलं एका शिक्षकाचं, फेडायला पुन्हा आखाड्यात उतरला पदक आणणारा, आणि त्या पदकावर हक्क सांगणारं सगळं राष्ट्र या हिशेबात कुठंच नाही. पाऊणशे वर्षं झाली. अजूनही एखादा हमाल अकादमीच्या कागदासाठी मंडळाच्या दारात उभा आहे, आणि मंडळाचा माणूस अठरा हजारांसाठी रडतो आहे. दोघंही एकाच कमतरतेचे धनी आहेत आणि भांडतात मात्र एकमेकांशी.

महरेझकडे पुन्हा एकदा जातो. एप्रिल २०२१मध्ये मँचेस्टर सिटीकडून तो पॅरिसमध्ये खेळला, चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत, पॅरिस सेंट-जर्मेनविरुद्ध. कोरोनामुळे स्टेडियम रिकामं. त्याच्या फ्री किकवर सिटी जिंकली. परतीच्या सामन्यात त्यानं आणखी दोन मारले. ते स्टेडियम आणि सार्सेल यांत अंतर थोडंच. मी तो सामना रात्री घरी पाहत होतो तेव्हा माझ्या मनात त्याच्या जुन्या क्लबातला कुणी प्रशिक्षक येत होता, ज्यानं तेरा-चौदा वर्षांच्या काटकुळ्या पोराला थंडीत बॉल थांबवायला शिकवलं असेल. त्या माणसाला मी ओळखत नाही. पण त्याचं काम मला चांगलं ओळखीचं आहे.

महाराष्ट्र सरकार खेळाडूंना नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण देतं, दहावी-बारावीला वाढीव गुण देतं. चांगलंच आहे. हे सगळं घडलेल्या खेळाडूसाठी आहे. घडवणाऱ्या जागेसाठी क्रीडा खात्यानं, राज्य फुटबॉल संघटनेनं आणि लीग चालवणाऱ्यांनी एका टेबलाला बसावं, आणि सुरुवात तालुक्यापासून करावी : बारा वर्षांवरच्या प्रत्येक मुलाची विनाशुल्क नोंदणी. निदान दोन-तीन हंगाम ती फी जिल्ह्याच्या क्रीडा निधीतून भरली जावी. मंडळांना ती फी परवडत नाही, हेही नोंदणी राहण्याचं एक कारण आहे.

आमच्यापुरतं आम्ही ऑगस्टमध्ये सुरू केलं. दोनशे पानी रजिस्टर आणलं. नाव, जन्मतारीख, शाळा, हंगाम, मंडळ, पालकाची सही. त्या मंडळाच्या पदाधिकाऱ्यालाही मी बोलावलं. तो आला, आणि आपल्या मंडळातल्या एकेचाळीस मुलांची नावं बसून लिहून घेतली. पहिली नोंद पुण्याला गेलेल्या मुलाची आहे, गेल्यानंतर केलेली. वडिलांनी सही केली, त्याच्याखाली पदाधिकाऱ्यानं. नियमानं त्यातले बाराव्या आणि तेराव्या वाढदिवसाचे दोन हंगाम मोजले जातील, पाव अधिक पाव, अर्धा टक्का. अकराव्याचा हंगाम कुणी मोजत नाही. तो आम्ही लिहून ठेवला आहे.